धड्यात बोलकी, चाचणीत शांत: ऑनलाइन शिक्षणासाठी कार्टून पात्र कसं घडवावं

पाचवीच्या वर्गासाठी अपूर्णांकांवर दहा प्रश्नांची चाचणी होती. टॅबवर प्रश्नाच्या बाजूला ठकी उभी. ठकी म्हणजे आपली जुनी लाकडी बाहुली. तिच्यावरून मी पात्र बेतलं होतं. पर्याय बरोबर असला की ठकी किंचित हसायची, चुकीचा असला की पापण्या खाली करायची. ‘नोंदवा’ बटण दाबेपर्यंत पर्याय बदलायची मुभा होती. मागच्या बाकावरची एक मुलगी प्रश्न वाचतच नव्हती. एक पर्याय दाबायचा, ठकीच्या तोंडाकडे बघायचं, मग पुढचा दाबायचा. दहापैकी दहा. तिचं बघून शेजारचीनेही तेच केलं. तास संपेपर्यंत बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले होते आणि त्या गुणांवरून कुणाला अपूर्णांक कळलेत हे काही सांगता येत नव्हतं.

मुलांनी यात काही गैर केलं नव्हतं. समोरच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायला आपण सगळे लहानपणीच शिकतो. चूक माझी होती. धड्यासाठी घडवलेलं पात्र मी जसंच्या तसं उचलून चाचणीत ठेवलं होतं. धड्यात पात्राने मुलाला प्रतिसाद द्यायचा असतो, चाचणीत तोच प्रतिसाद उत्तर फोडतो. ही दोन कामं वेगळी आहेत हे धरून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. शिक्षकांसाठी, घरी व्हिडिओ धडे बनवणाऱ्यांसाठी आणि ॲप बनवणाऱ्या छोट्या गटांसाठी.

पहिली पायरी: पात्र हवंच का, ते ठरवा

१९९७ साली नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात जेम्स लेस्टर आणि सहकाऱ्यांनी ‘डिझाइन-अ-प्लांट’ या संगणकीय धड्यात हर्मन नावाचा किडा ठेवला. दिलेल्या हवामानात तगेल असं रोप मुलांनी मुळं, खोड आणि पानं निवडून जुळवायचं आणि हर्मनने सल्ला द्यायचा. त्यांनी हर्मनच्या पाच आवृत्त्या केल्या, अगदी मुक्यापासून पूर्ण बोलक्यापर्यंत, आणि १०० विद्यार्थ्यांवर त्या वापरून पाहिल्या. फारसं काही न बोलणारा हर्मन समोर असतानाही मुलांना धडा अधिक आपलासा वाटला. या परिणामाला त्यांनी ‘पर्सोना इफेक्ट’, म्हणजे पात्राच्या असण्याचा परिणाम, असं नाव दिलं.

आपलासा वाटणं वेगळं आणि शिकणं वेगळं. २०१३ मध्ये श्रोडर, अडेसोपे आणि गिल्बर्ट यांनी ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. पात्रामुळे शिकण्यात पडणारा फरक, वेगवेगळे अभ्यास एका मापावर आणणाऱ्या प्रमाणित मोजणीत, ०.१९ इतका निघाला, म्हणजे लहान, पण खरा. शाळकरी मुलांत तो मोठ्यांपेक्षा जास्त दिसला. २०२१ मधल्या अशाच आणखी एका एकत्रित अभ्यासात सपाट, द्विमितीय पात्रं त्रिमितीय पात्रांपेक्षा सरस ठरली. कमी पैशांत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोठा दिलासा आहे. महागडं त्रिमितीय मॉडेल परवडत नाही म्हणून हळहळायचं कारण नाही.

पात्र नडतं कधी, हेही माहीत हवं. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये ‘क्लिपी’ नावाची कागदाची पिन होती. पत्र लिहायला घेतलं की ती मध्येच उगवायची आणि मदत हवी का विचारायची. दहा वेळा नको म्हटलं तरी अकराव्यांदा तीच. २००१ च्या आवृत्तीत ती आपणहून दिसेनाशी केली गेली आणि ऑफिस २००७ मधून गेलीच. समोरचा माणूस काय करतोय हे न बघता, आधी काय घडलं ते न आठवता तोंड उघडणारं पात्र नकोसं होतं. मुलांचंही तसंच आहे, फक्त ती बोलून दाखवत नाहीत, टॅब बाजूला ठेवतात.

म्हणून कागदावर एक वाक्य लिहा: ‘हे पात्र काढून टाकलं, तर मुलाचं अमुक काम अडेल.’ अमुकच्या जागी ठोस काही लिहिता आलं नाही, तर पात्र नको. एक स्वच्छ आकृती आणि चांगला आवाज पुरेसा आहे. ‘मुलांना मजा येईल’ हे उत्तर मी आता धरत नाही. नाचणाऱ्या सशाची मजा येते, पण ससा नाचत असताना छेदाकडे कुणाचं लक्ष नसतं.

दुसरी पायरी: पात्राला एकच काम द्या

पात्र तीन प्रकारे उभं करता येतं. एक म्हणजे शिकवणारी ताई किंवा सर. दुसरा सोबती, जो मुलासोबत त्याच पातळीवर गणित सोडवतो. तिसरी म्हणजे शिकणारी, जिला मुलाने शिकवायचं. पहिले दोन प्रकार सगळे करतात आणि त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. ताईने बोट दाखवून समजवावं, सोबत्याने मुलाआधी उत्तर सांगू नये, झालं.

तिसऱ्यावर मात्र माझा फार जीव आहे. व्हँडरबिल्ट विद्यापीठात गौतम बिश्वास आणि सहकाऱ्यांनी ‘बेटीज ब्रेन’ नावाची प्रणाली घडवली. बेटी ही कार्टून मुलगी. नदीतले मासे, शेवाळ, प्राणवायू यांत कशामुळे काय वाढतं आणि काय घटतं याचा बाणांचा नकाशा मुलं काढतात आणि तोच बेटीचा मेंदू. बेटीला प्रश्न विचारला की ती त्या नकाशावरूनच उत्तर देते. नकाशात चूक असेल तर उत्तरही चुकतं. मग परीक्षाही बेटीच देते आणि तिला कमी गुण पडले की मुलं आपणहून पुन्हा वाचायला बसतात. २००९ मध्ये चेस, श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मुलं स्वतःसाठी शिकताना जेवढा वेळ देतात, त्यापेक्षा जास्त वेळ आपल्या पात्राला शिकवायचं असलं की देतात.

आपल्याकडे हे नवीन नाही. दुपारच्या वेळी ओट्यावर बाहुल्या ओळीने बसवून, हातात पट्टी घेऊन ‘शाळा-शाळा’ खेळणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ठकीची कल्पना मला त्यातूनच सुचली. गुण बाहुलीला पडतात म्हणून चुकायची भीती जाते. चुकलेलं दुरुस्त मात्र मुलालाच करावं लागतं, म्हणून शिकणं त्याचं होतं.

इथे एक काळजी घ्या. माझ्या पहिल्या धड्यांत सारखी चुकणारी ठकी मुलगी होती आणि सगळं येणारा बंडू मुलगा. एका शिक्षिकेने ते लक्षात आणून दिलं. तेव्हापासून भूमितीच्या धड्यांत बंडू गोंधळतो आणि ठकी त्याला कोन मोजायला लावते. पात्रांच्या जोडीत कोण कितीदा चुकतं याची यादी ठेवा. मुलं मोजत नसली तरी ते त्यांच्या मनात साठत जातं. हाच नियम रंग, कपडे, आडनाव आणि बोलीलाही. विनोदासाठी नेहमी गावाकडची बोली आणि ज्ञानासाठी नेहमी पुस्तकी भाषा असं कधीच करू नका.

तिसरी पायरी: दिसणं साधं ठेवा

डोळे मोठे, भुवया स्पष्ट, हात लांब. पात्राचं निम्मं काम हातच करतात, कारण काय बघायचं ते हात दाखवतो. बोटं नीट नसली तरी चालतील, पण एक ताठ दाखवणारं बोट हवंच. माणसाच्या फार जवळ जाणारा चेहरा टाळा. जपानी अभियंते मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहून ठेवलंय की जवळजवळ माणसासारखी, पण पूर्ण माणसासारखी नसलेली आकृती बघणाऱ्याला अस्वस्थ करते. लाकडी बाहुली, पक्षी, खारूताई यांना हा धोका नाही.

इंकस्केपमध्ये पात्र तुकड्या-तुकड्यांनी काढा. डोकं, धड, दंड, कोपरापासूनचा हात, प्रत्येक भुवई आणि प्रत्येक पापणी वेगळ्या थरावर. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. अक्षरांसाठी ‘मुक्त’सारखा मोकळ्या परवान्याचा देवनागरी फाँट घ्या, म्हणजे छपाईतही आणि ॲपमध्येही परवान्याची अडचण येत नाही.

चौथी पायरी: संवाद लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बहुतेक मराठी धडे इथेच फसतात, कारण संवाद इंग्रजी धड्यावरून उतरवलेले असतात.

पात्राने मुलाशी ‘तू’ म्हणून बोलावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बारा शाखेतले रिचर्ड मेयर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलंय की समोर बसून बोलल्यासारखी भाषा पुस्तकी भाषेपेक्षा चांगलं शिकवते. ‘अपूर्णांकाचा छेद म्हणजे एकूण समान भागांची संख्या होय’ यापेक्षा ‘तुझ्या भाकरीचे किती सारखे तुकडे झाले? तो छेद’ हे वाक्य मुलाच्या मनात टिकतं.

पण मराठीत ‘तू’ म्हटलं की लिंग डोकावतं. ‘तू चुकलास’ म्हटलं की मुली बाहेर, ‘तू चुकलीस’ म्हटलं की मुलगे बाहेर. ‘तू काय करतोस?’ हेही तसंच. दोन आवृत्त्या ध्वनिमुद्रित करायच्या तर खर्च दुप्पट आणि नोंदणी करताना मुलगा की मुलगी विचारावं लागतं. ते टाळता येतं, कारण आपल्या भाषेतच वाटा आहेत. आज्ञार्थ घ्या: ‘बघ’, ‘मोज’, ‘तुकडा उचल’. भविष्यकाळ घ्या: ‘आता काय करशील?’ ‘तुला’ने सुरुवात करा: ‘तुला काय वाटतं?’, ‘तुला जमतंय का?’ भूतकाळात कर्म पुढे आणा: ‘उत्तर बरोबर दिलंस’, ‘तुकडे सारखे केलेस’. ‘तू कुठे अडलास?’ऐवजी ‘कुठे अडलं?’ पुरतं. उद्गारांतही सापळा आहे. ‘अरे’ आणि ‘अगं’ दोन्ही नकोत, ‘अरेच्चा’ चालतं. संवाद लिहून झाले की फक्त एवढ्याच एका गोष्टीसाठी सगळी वही पुन्हा वाचा. पहिल्या वाचनात मला दर पानावर तीन-चार तरी सापडतात.

शाबासकी कामाला द्या. ‘तू फार हुशार आहेस’ यावर मूल पुढे काय करणार? ‘दोन्ही भाकऱ्या सारख्या मापाच्या घेतल्यास, म्हणून तुलना जमली’ यातून त्याला कळतं की काय केल्यामुळे जमलं. उत्तर चुकलं तर पात्राने ‘अंहं’ म्हणून थांबू नये. चूक कुठल्या विचारातून आली ते पकडावं: ‘आठ चारापेक्षा मोठा, म्हणून तुकडाही मोठा, असं वाटलं ना?’ यासाठी प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचा विचार आधी वहीत लिहून ठेवा. ज्या चुकीच्या पर्यायामागे कुठलाच विचार सापडत नाही, तो पर्याय काढून टाका.

मुलांच्या कानावर आधीच असलेले शब्द वापरा. पाव, अर्धा, पाऊण हे शब्द दुकानात, स्वयंपाकघरात पाचवीच्या खूप आधी भेटलेले असतात. तिथून ‘एक चतुर्थांश’वर या. अंश, छेद, सममूल्य हे पारिभाषिक शब्द पाठ्यपुस्तकात आहेत तसेच ठेवा, ॲपसाठी नवीन घडवू नका. संख्या कशा बोलायच्या तेही आधी ठरवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’सोबत ‘पन्नास दोन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. तुमची बाजू कुठलीही असो, एका धड्यात पात्राने एकाच पद्धतीने बोलावं. आपोआप वाचणाऱ्या संगणकी आवाजावर आकडे सोपवलेत, तर तो कधी मराठीत, कधी इंग्रजीत वाचतो. आकडे अक्षरांत लिहूनच त्याला द्या.

पात्र जे बोलतं तेच शब्दन्‌शब्द पडद्यावर लिहू नका. चित्र, आवाज आणि तोच मजकूर असं तिन्ही एकदम आलं की डोळे चित्र सोडून मजकुरावर जातात. पडद्यावर फक्त मुख्य शब्द ठेवा, जसं ‘छेद = ८’. पूर्ण मजकूर बटणामागे असू द्या. ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याच्या घरी मराठी बोलत नाहीत, त्याला तो लागतोच.

आवाज शक्यतो माणसाचा. फोनवरही चांगलं ध्वनिमुद्रण होतं. छोटी खोली, पंखा बंद, भिंतीला गोधड्या लावलेल्या, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार येत नाही. प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करा. पुढे एकच शब्द बदलायचा झाला तर पूर्ण धडा पुन्हा बोलावा लागत नाही.

पाचवी पायरी: हालचाल, पण कारणासाठी

पात्राने हलावं ते तीन कारणांसाठी: दाखवायला, बोलायला, आणि मूल काही करत असताना त्याच्या हाताकडे बघायला. बाकी वेळ स्तब्ध. स्तब्ध म्हणजे मेलेलं नव्हे. चार-पाच सेकंदांनी एकदा पापणी लवली आणि खांदे श्वासाएवढे हलले की पुरे.

दाखवण्याचा क्रम सांभाळा. आधी डोळे वळतात, मग डोकं, मग हात, आणि त्यानंतर शब्द. ठकीने ‘हा तुकडा’ म्हणायच्या आधी तिचं बोट तुकड्यावर पोचलेलं हवं. उशीर झाला तर मूल ‘कुठला तुकडा?’ शोधत बसतं आणि पुढचं वाक्य हुकतं.

ओठांच्या हालचालीचा फार बाऊ करू नका. रामदास पाध्ये यांच्या अर्धवटरावाच्या ओठांना प्रत्येक अक्षराचा आकार येत नाही, जबडा उघडतो-मिटतो, तरी तोच बोलतोय असं आपण मानतो, कारण वेळ अचूक असते. मराठीसाठी सहा आकार भरपूर झाले: मिटलेले ओठ (प, ब, भ, म), दात ओठावर (फ, व), पूर्ण उघडं तोंड (आ), ताणलेले ओठ (ई, ए), गोल ओठ (ओ, उ) आणि बाकी सगळ्यासाठी अर्धवट उघडं. यातला मिटलेला आकार चुकवू नका. ‘भाकरी’ म्हणताना ओठ मिटले नाहीत तर लहान मुलालाही खटकतं. हे काम हाताने नको असेल तर ‘रुबार्ब लिप सिंक’ नावाचं फुकट साधन ध्वनिफाइल ऐकून कुठल्या क्षणी कुठला आकार ते लिहून देतं. त्यात इंग्रजीचा पर्याय बदलून ‘फोनेटिक’ निवडा, कारण मूळ पर्याय इंग्रजी शब्द शोधत बसतो.

हालचाल जोडायला ओपनटून्झ किंवा सिनफिग वापरा. ओपनटून्झ म्हणजे जपानच्या स्टुडिओ जिब्लीत वापरात असलेल्या सॉफ्टवेअरचं २०१६ मध्ये सगळ्यांना मोकळं केलेलं रूप. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तरी १२ चित्रांत काम भागतं. ॲपमध्ये पात्र व्हिडिओ म्हणून टाकू नका, शक्य असेल तर लॉटी किंवा राइव्हसारख्या प्रकारात द्या. त्यात रेषा आणि त्यांच्या हालचाली साठवलेल्या असतात, चित्रांची रास नसते. फाइल हलकी होते आणि जिथे रेंज जाते-येते अशा गावातही धडा उघडतो. कोड लिहिता येत नसेल तर एच५पी या साधनात मुलाच्या निवडीप्रमाणे वाट बदलणारा धडा बनवता येतो आणि तो मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीतही बसतो.

सहावी पायरी: एक धडा, जवळून

पडद्यावर दोन भाकऱ्या, अगदी एका मापाच्या. ठकी बाजूला. ती म्हणते, ‘मला एक अष्टमांश भाकरी हवी. आठ चारापेक्षा मोठा, म्हणजे मला जास्त मिळेल.’ मग ती गप्प होते. मूल पहिल्या भाकरीचे चार भाग करतं, दुसरीचे आठ. ठकी काही बोलत नाही, तिचे डोळे फक्त सुरीमागे फिरतात. मूल एक अष्टमांश तुकडा उचलून एक चतुर्थांशावर ठेवतं. पूर्ण तीन सेकंद शांतता. या तीन सेकंदांत मुलाच्या डोक्यात काय चाललंय त्यावरच सगळा धडा उभा आहे, तिथे संगीतही नको. मग ठकी: ‘अरेच्चा! हा तर छोटा निघाला. असं कसं झालं?’

आता मूल तीन कारणांतून एक निवडून ठकीला सांगतं. आणि ठकी ते कारण, बरोबर असो की चूक, नव्या जागी वापरते: एक तृतीयांश मोठा की एक षष्ठांश? चुकीचं शिकवलं असेल तर ती सगळ्यांसमोर ठामपणे चुकीचा तुकडा उचलते. मूल दचकतं, मागे जातं, कारण बदलतं. हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. मूल टॅबला जवळ ओढतं आणि बाहुलीशी बोलायला लागतं: ‘तसं नाही गं, तुकडे वाढले की प्रत्येक तुकडा लहान होतो ना.’ तो नियम मी कुठेही लिहिलेला नसतो.

असा एक तुकडा दीड मिनिटाचा ठेवा, तीन तुकड्यांत धडा संपवा आणि दोन तुकड्यांमध्ये ‘पुढे’चं बटण मुलाच्या हातात द्या.

सातवी पायरी: चाचणीत पात्राला वेगळे नियम

आधी चाचणी कुठली ते बघा. सराव असेल तर ठकीने प्रत्येक उत्तरानंतर बोलावं, पण उत्तर नोंदवून झाल्यावरच. गुण नोंदले जाणार असतील, निकाल कुठे वापरला जाणार असेल, तर पुढचं सगळं लागू.

चाचणी सुरू व्हायच्या आधी पात्राला मनसोक्त बोलू द्या. तुकडा कसा ओढायचा, उत्तर कसं बदलायचं, आवाज पुन्हा कसा ऐकायचा, हे तिने एका बिनगुणांच्या प्रश्नावर करून दाखवावं. घरी टॅब नसलेल्या मुलाचे गुण बोट नीट न चालल्यामुळे जाऊ नयेत. गणिताच्या चाचणीत टॅबची सवय मोजली जात असेल तर ती गणिताची चाचणी नव्हे.

प्रश्न सुरू झाले की पात्र पडद्यावरून जावं किंवा एका स्थिर चित्रात बसावं. प्रश्न वाचून दाखवायचा असेल तर फक्त आवाज पुरे. चारही पर्याय एकाच सुरात, एकाच गतीने. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला बरोबर उत्तर माहीत असलं की आवाजात नकळत वजन येतं, म्हणून वाचणाऱ्याला उत्तरपत्रिका देऊ नका. नजर तर सगळ्यात घातक. पात्राचे डोळे जिकडे, तिकडे मुलाचे डोळे जातात. चाचणीत पात्राची नजर सरळ समोर हवी, कुठल्याही पर्यायाकडे नको.

पात्र बोलत असताना घड्याळ थांबवा. नाहीतर सगळं ऐकून घेणाऱ्या शहाण्या मुलाचा वेळ कमी होतो आणि पुढे ढकलणाऱ्याचा वाचतो.

कधी कधी मात्र पात्राशिवाय चाचणी घेताच येत नाही. पिझा ही पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परीक्षा. २०१५ च्या पिझात मिळून काम करण्याचं कौशल्य ५२ देशांत आणि प्रदेशांत तपासलं गेलं. त्यातल्या एका प्रश्नसंचात ‘झँडार’ नावाच्या काल्पनिक देशाविषयी स्पर्धा आहे, आणि विद्यार्थ्याच्या गटात ॲलिस आणि झॅक हे दोन संगणकी सोबती आहेत. ते गप्पांच्या चौकटीत बोलतात, मुलाने दिलेल्या वाक्यांतून एक निवडायचं. सोबती वाट चुकतात, भलत्याच विषयावर जातात, आणि मूल त्यांना कसं मार्गावर आणतं ते तपासलं जातं. खरी मुलं गटात का घेतली नाहीत? कुणाच्या वाट्याला समंजस जोडीदार आला असता, कुणाच्या वाट्याला भांडकुदळ, आणि गुण जोडीदारावर ठरले असते. संगणकी सोबती सगळ्यांसाठी तोच आणि त्याच क्षणी तेच बोलणारा. पात्राचा चाचणीतला खरा उपयोग मला इथे दिसतो: सगळ्यांसमोर अगदी सारखी परिस्थिती उभी करणं.

म्हणूनच आयत्या वेळी स्वतः वाक्यं रचणारं कृत्रिम बुद्धिमत्तेचं पात्र मी गुणांच्या चाचणीत बसवत नाही. सरावात ते छान साथ देतं, पण दोन मुलांना दोन वेगळी वाक्यं मिळाली की तुलना संपली. अशा पात्राशी मूल आवाजात बोलणार असेल, तर त्याचा आवाज साठवण्याआधी पालकांची संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक मानली आहे.

आठवी पायरी: बंद करायची सोय

प्रत्येक पडद्यावर पात्र थांबवायचं आणि लपवायचं बटण हवं, आणि ते दाबल्याने धड्यातलं काहीही हुकता कामा नये. वेबसाठीचे जागतिक सुगम्यता निकष सांगतात की आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवता आली पाहिजे आणि सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. फोनच्या सेटिंगमध्ये ‘हालचाल कमी’ निवडलेली असेल तर तुमच्या पात्राने ते पाळावं. दृष्टिहीन मुलासाठी ठकीचं बोट काही दाखवत नाही, म्हणून ‘हा तुकडा’सोबत ‘आठ तुकड्यांपैकी एक’ असंही बोलून घ्या. लक्ष लवकर विचलित होणाऱ्या काही मुलांना पात्र नसलेला पडदाच आवडतो. तो त्यांचा हक्क आहे, ती सवलत मागायला लावू नका.

नववी पायरी: वर्गात नेऊन बघा

पाच-सहा मुलं पुरतात. मुलाच्या शेजारी बसा आणि काही सांगू नका. डोळे कुठे आहेत ते टिपा: भाकरीवर की ठकीवर? मूल तुकडे करत असताना सारखं ठकीकडे बघत असेल तर ती तिथे जास्त हलतेय. धडा आवडला का हे विचारू नका, मुलं हो म्हणतातच. आठवड्याने जाऊन कागद-पेन्सिलवर तीन गणितं द्या, त्यातलं एक भाकरीचं नसून दोरीच्या लांबीचं किंवा दुधाच्या मापाचं असू द्या. जमलं तर निम्म्या मुलांना तोच धडा ठकीशिवाय, फक्त आवाजावर दाखवा. ठकीवाल्यांना आठवड्यानेही जास्त येत नसेल, तर पहिल्या पायरीवरचं वाक्य पुन्हा काढून वाचा.

चाचणीसाठी मी आता एक वेगळी तपासणी करतो. एका सहकाऱ्याला बोलावतो आणि टॅबच्या पडद्यावर पुठ्ठा चिकटवतो, असा की प्रश्न आणि पर्यायांचा मजकूर झाकला जाईल आणि फक्त ठकी आणि पर्यायांची बटणं उघडी राहतील. आवाज चालू. मग वीस प्रश्नांची उत्तरं केवळ ठकीकडे बघून, ऐकून द्यायला सांगतो. चार-चार पर्याय असतील तर निव्वळ अंदाजाने पाचच्या आसपास बरोबर यायला हवीत. एकदा बारा आली. हसणं काढलेलं होतं, नजर सरळ होती, आवाजही एकसुरी. शेवटी सापडलं ते असं: बऱ्याच प्रश्नांत बरोबर उत्तराची ध्वनिफाइल नंतर पुन्हा मुद्रित केली होती, तिच्या शेवटी पाव सेकंद जास्त शांतता राहिली होती आणि तेवढा वेळ ठकीचं तोंड उघडं राहायचं. त्या फाइली कापल्या, पुठ्ठा पुन्हा चिकटवला, दुसऱ्या सहकाऱ्याला बसवलं. चार आली.